आधी परसात, मग ओसरीवर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते कुणी मोजलं नाही. तेव्हा डोंगरावर जायला वाट एकच होती आणि तीही शेळ्यांनी पाडलेली. त्या वाटेच्या शेवटी कातळवेढे नावाचं गाव होतं. तीन बाजूंनी कडा, चौथ्या बाजूला डोंगर. शेतं खाली उतारावर, घरं वर कातळावर. घरापुढे ओसरी, घरामागे परस. ओसरी पुरुषांची आणि परस बायकांचं. ओसरी रोज सारवलेली असायची. परसात राख, खरकटं पाणी आणि फुटकी मडकी असायची.

या गावाचं बारा गावांत नाव होतं, आणि ते तिथल्या बायकांमुळे होतं. कातळवेढ्याची बाई दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडत नाही, असं म्हणत. सांज झाली की गुरं आत, शेळ्या आत, बायका आत. पाहुणे आले की गावचे बहिरजी पाटील त्यांना मुद्दाम तिन्हीसांजेपर्यंत थांबवून घेत आणि पारावर नेऊन रिकामी गल्ली दाखवत. "बघा, एक तरी पदर दिसतो का?" पदर दिसत नसे. पाहुणे माना डोलवत आणि घरी जाऊन आपापल्या बायकांना बोलत.

जुनी माणसं याचं कारणही सांगत. कड्यावरच्या देवीने पूर्वी दृष्टांत दिला होता म्हणे, की सांजेची वेळ माझी, तेव्हा बाईने बाहेर पाऊल टाकायचं नाही. दृष्टांत कुणाला झाला, हे मात्र कुणी सांगत नसे. दृष्टांत बहुतेक ओसरीवरच होतात.

आणखी एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. सांजेला जन्मलेलं मूल जगत नाही. देवीच्या वेळेत आलं, देवीने नेलं, असं म्हणायचे आणि पुढे कुणी काही विचारायचं नाही.

अशा गावात भिवरा सून म्हणून आली. ती खालची, नदीकाठची. तोंडाने तिखट, पायाने भरभर. तिच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत खुडूक बसलेली कोंबडी. अंड्यांवरून कोंबडी उठवायची नाही म्हणून बापाने टोपलीसकट पाठवणी केली होती. काखेत शेवग्याची हातभर लांब चार खुंटं होती. ऐन चढावर अंडी फुटली आणि पिल्लं चिवचिवू लागली. असं म्हणतात की त्या दिवशी वाजंत्र्यांपेक्षा टोपलीचाच आवाज मोठा होता. वऱ्हाडी हसले. भिवरा टोपलीवर हात धरून चालत राहिली.

पहिल्याच सांजेला ती उंबरा ओलांडून परसात गेली, कारण कोंबडी झाकायची होती. घरात एकच गलका झाला. सासू तान्हाई मोठ्याने ओरडली. तान्हाई म्हणजे साधी बाई नव्हती. ती गावची सुईण होती. कातळवेढ्यातलं तिशीच्या आतलं प्रत्येक माणूस तिच्या हातात जन्मलं होतं. तिचा शब्द घरात पहिला आणि गावात पाटलांच्या खालोखाल.

भिवरा आत आली आणि दारातच थांबली. चुलीजवळ दिवा होता. दिव्याचा उजेड होता. तरी तिची थोरली जाऊ गिरजा भिंतीला हात लावून चालत होती. चार पावलं गेली आणि पाण्याच्या मडक्याला धडकली. तान्हाई पाट्यापाशी आली, तिने आधी पायाच्या अंगठ्याने पाटा चाचपला आणि मग ओलांडला.

"जाऊबाई, तुमाला दिसत न्हाई का?" भिवराने विचारलं.

गिरजाने चाचपत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गिरजाने सांगितलं. सूर्य बुडाला की डोळ्यांत कुणी राख टाकल्यासारखं होतं. दिव्याचा पिवळा ठिपका तेवढा कळतो, बाकी काळोख. हे कुणाला सांगू नकोस, नवऱ्याला कळलं तर माहेरी धाडतील, गावात मी एकटीच अशी आहे.

भिवराला गप्प बसवत नव्हतं. तिने एकेकीला गाठलं. जात्यावर, ओढ्यावर, लाकडं तोडताना. प्रत्येक बाईने हेच सांगितलं. आणि प्रत्येकीने शेवटी म्हटलं, कुणाला सांगू नकोस, गावात मी एकटीच अशी आहे.

तर असं होतं ते नाव, बारा गावांत गाजलेलं. बायका उंबरा ओलांडत नव्हत्या, कारण त्यांना उंबरा दिसतच नव्हता.

गिरजाला तेव्हा दुसरा महिना होता. तिचं पहिलं मूल सांजेला झालं होतं. आता रोज सकाळी ती कड्याकडे तोंड करून देवीला एकच मागायची. दिवसा येऊ दे. मुलगा दे म्हणाली नाही, सुख दे म्हणाली नाही. फक्त उजेडात येऊ दे. ते ऐकून भिवराच्या अंगाची लाही व्हायची. तिला आता कळलं होतं की सांजेची मुलं का जगत नाहीत. सांजेला सुईणीला दिसत नव्हतं.

नदीकाठी म्हातारी माणसं म्हणायची, डोळ्यांत अंधार उतरला तर पोटात पाला उतरवावा. शेवग्याचा, माठाचा, राजगिऱ्याचा. पण कातळवेढ्यात पाला गुरांनी खायचा. माणसांनी भाकरी आणि आमटी. त्यातही आमटीतला दाणा पुरुषांना, मग पोरांना, आणि पाणी बायकांना. वर्षानुवर्षं बायका ते पाणी भाकरीला लावून खात आल्या होत्या आणि पोट भरलं म्हणत आल्या होत्या.

भिवराने पदर खोचला आणि परसातली मडकी उचलायला सुरुवात केली.

जुनी माणसं सांगतात की कातळ तिच्यापुढे आपोआप मऊ झाला. कातळ मऊ होत नसतो. तिने ओढ्यातला गाळ पाट्या भरभरून वर आणला, चाळीस दिवस, आणि तिच्या टाळूचे केस गेले. पण कातळ मऊ झाला असं सांगितलं की दुसऱ्या कुणाला पाटी उचलावी लागत नाही, म्हणून तसं सांगतात.

मग तिने काय केलं ते ऐका. न्हाणीचं पाणी परसात नुसतं साचून डास करत होतं. त्याला तिने दगडी पाट काढून दिला आणि पाटाच्या दोन्ही अंगांना अळू आणि केळ लावली. सांडपाण्यावरची भाजी कोण खाणार, असं तान्हाई म्हणाली. भिवरा म्हणाली, "आत्याबाई, पाऊस तरी कुठून कुठून येतो, आपण विचारतो का त्याला?" कोंबड्यांचं खुराडं तिने खताच्या खड्ड्याच्या काठावर बांधलं. कोंबड्यांची शीट खड्ड्यात, शेळीच्या लेंड्या खड्ड्यात, चुलीतली राख आणि भाजीची देठं खड्ड्यात. खड्ड्यातलं खत वाफ्यांत. वाफ्यांत माठ, राजगिरा, शेपू, घेवडा. वाफ्यांतली कीड कोंबड्यांना, निबर पानं शेळीला, आणि शेळीचं दूध परत घरात. काही म्हणून वाया जायचं नाही. कुंपणाला शेवग्याची खुंटं रोवली आणि शेळीच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढवला.

तो वेल म्हणजे नवलच. असं म्हणतात की भोपळ्याचा वेल एका रात्रीत छपरावरून निघाला आणि सकाळी पाटलांच्या ओसरीच्या खांबाला जाऊन पोचला. असं म्हणतात की कोंबड्या भिवरा बोट दाखवेल तिथे अंडी घालत. शेवगा तीन महिन्यांत घराच्या वर गेला. उन्हाळ्यात सगळा डोंगर करडा पडला तरी खालच्या गावांतून बघितलं की कातळवेढ्यात एक हिरवा ठिपका दिसायचा, आणि लोक म्हणायचे, वर काय पेटलंय की काय, हिरव्या ज्वाळेने.

शेजारच्या बायका बघायला आल्या, मग रोपं मागायला आल्या. भिवराने कुणाला नाही म्हटलं नाही. सात परसं हिरवी झाली. रोज सकाळी टोपल्या भरू लागल्या.

पण गिरजा अजून भिंतीला हात लावून चालत होती.

भिवराला कळेना. पाला भरपूर होता, अंडी भरपूर होती, आणि काळोख जिथल्या तिथे होता. मग एक दिवस तिने काम सोडलं आणि नुसती टोपलीच्या मागे चालू लागली. टोपली परसातून स्वैपाकघरात गेली. अंडी तालमीत जाणाऱ्या दिराच्या ताटात गेली. कोवळा भोपळा गिरजानेच धुऊन पुसून पाटलांच्या घरी मानाचा म्हणून पाठवला. पालेभाजी झाली ती पंगतीला वाढली, पुरुषांनी आधी नाकं मुरडली आणि मग दोनदा मागून घेतली. पोरांना चमचाभर. आणि शेवटी गिरजाने कढईत पाणी घातलं, कढई हाताने निपटली आणि ते हिरवं पाणी भाकरीला लावून खाल्लं. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती. सगळ्यांत वाईट म्हणजे, भिवराने स्वतःच्या ताटाकडे बघितलं तर तिच्याही ताटात तेच होतं.

असं म्हणतात की त्या दिवशी भिवरा जितकी चिडली तितकी आयुष्यात कधी चिडली नाही, आणि चिडली ती स्वतःवर. चार महिने तिने रान उपसलं होतं आणि पुरुषांची ताटं भरली होती.

दुसऱ्या दिवशी तिने परसात तीन दगडांची चूल मांडली. दिवसाढवळ्या, ऐन जेवणाच्या वेळी. गिरजाला आणि शेजारणींना बोलावलं आणि म्हणाली, "आजपासून परसात पिकलं ते आधी परसात खायचं. आपण आणि पोरं. पोट भरल्यावर उरेल ते उंबऱ्याच्या आत जाईल. आधी परसात, मग ओसरीवर."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तान्हाई दारात आली आणि म्हणाली की पुरुषांच्या आधी जेवणं हे पाप आहे.

"आत्याबाई," भिवरा म्हणाली, "आधी देव जेवतो, मग पुरुष, मग पोरं, मग कुत्रं, मग आपण. आणि सांजेला बघा, आपल्यापेक्षा कुत्र्याला बरं दिसतं."

एक म्हातारी फिसकन हसली. मग दुसरी हसली. मग गिरजाने हात पुढे केला आणि पहिला घास घेतला, उभ्यानेच. त्या दिवशी पुरुष ओसरीवर ताटांपुढे बसून राहिले. भिवराचा नवरा रायाजी गरीब स्वभावाचा होता. दुसऱ्याची वाट बघताना भूक किती लागते हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आठ दिवसांत पाटलांनी गाव जमवलं.

पारावर बहिरजी पाटील बसले. डोक्याला मोठं पागोटं, हातात काठी. खाली पुरुष, आणि पुरुषांच्या मागे, पदर ओढून, बायका. पाटलांचा आवाज गोड होता. गोड आवाजातच ते म्हणाले की सूनबाई, तू कामाची आहेस, हे मी मानतो. पण पुरुष उपाशी आणि बायका जेवतात हे या गावाने कधी पाहिलं नाही. आज पंगत मोडली, उद्या सांजेचा उंबरा मोडेल. बारा गावांत आपलं नाव आहे, ते तू घालवतेस.

भिवरा उभी राहिली. डोक्यावर पदर होता, मान खाली नव्हती.

"पाटीलबाबा, बाया सांजेनंतर उंबरा ओलांडत न्हाईत, असं तुमी सांगता. ओलांडत न्हाईत असं न्हाई. त्यांना ओलांडता येत न्हाई. दिसत न्हाई त्यांना. एकीलाबी."

पुरुषांनी मागे वळून बायकांकडे बघितलं. बायकांनी जमिनीकडे बघितलं. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीने आधी बोलावं.

पाटील हसले. "तुझ्याच सासूला विचारूया. तान्हाई, तू गावची सुईण. रात्री-अपरात्री बाळंतपणं करतेस. तुला दिसतं ना?"

तान्हाई उठली. भिवराने तिच्याकडे बघितलं, गिरजाने पोटावर हात ठेवून तिच्याकडे बघितलं. तान्हाईने ओठ आवळले आणि म्हणाली, "दिसतं."

एवढं बोलून ती खाली बसली. पाटलांनी निवाडा दिला की सकाळी परस मोकळं करायचं.

सकाळी पाटलांची माणसं आली, कोयते आणि कुदळी घेऊन. भिवरा वाटेत आडवी पडली नाही, रडली नाही. चुलीपाशी बसून तिने मोठं पातेलं चढवलं. "उपटा," म्हणाली. "उपटलेलं मात्र हितंच टाका." त्यांनी माठ उपटला, तिने तो धुऊन पातेल्यात टाकला. त्यांनी राजगिरा उपटला, तो पातेल्यात गेला. खुराडं मोडलं तेव्हा अंडी तिने ओच्यात घेतली. माणसं उपटत होती आणि ती शिजवत होती. असं म्हणतात की मग एकेक करून गावातल्या बायका आल्या, कुणी बोलावल्याशिवाय, आणि वाडगी घेऊन बसल्या. समोर कुदळी चालू होत्या आणि बायका जेवत होत्या. पाटलांच्या माणसांना कुठे बघावं ते कळेना.

शेवटी त्यांनी शेवगा तोडला. त्याचे हातभर लांब तुकडे केले आणि पुन्हा उभा राहू नये म्हणून दहा दिशांना भिरकावले. कुणाच्या परसात, कुणाच्या कुंपणापाशी, देवळामागे, उकिरड्यावर.

इथे त्यांची चूक झाली. ही चूक कातळवेढ्याचा पुरुषच करू जाणे. शेवग्याची फांदी तोडून ओल्या मातीत टाकली की ती मरत नाही, रुजते. परसात काम करणाऱ्या कुठल्याही बाईने हे सांगितलं असतं. पण ते कधी परसात आले नव्हते, आणि आले ते कोयता घेऊन. श्रावणाचे दिवस होते, माती ओली होती. महिनाभरात गावातल्या प्रत्येक घरामागे शेवगा फुटला. पाटलांच्या घरामागे तर तीन. असं म्हणतात की त्यांच्या बायकोने ते उपटू दिले नाहीत. म्हणाली, मी लावलेले नाहीत, तुमच्याच माणसांनी लावलेत.

आता सात परसांची वीस परसं झाली होती. परत गाळ आला, परत पाट निघाले, परत खुराडी उभी राहिली. आणि प्रत्येक परसात तीन दगडांची चूल. आधी परसात, मग ओसरीवर.

एका सांजेला गिरजा परसात उभी होती. पश्चिमेकडे बघत ती म्हणाली, "भिवरा, ती चांदणी रोजच असती का तितं?"

भिवराने तोंड फिरवलं आणि शेळीला उगाच हाकललं.

पण गिरजाला दिसून भागणार नव्हतं. नववा महिना लागला होता. दिसायला हवं होतं ते तान्हाईला, आणि तान्हाईने परसातला घास अजून तोंडाला लावला नव्हता. पारावर दिसतं म्हणाली होती. आता पाला खाल्ला तर दिसत नव्हतं असं होईल. म्हणून ती घरात बसून आमटीचं पाणी पीत होती. वडीलधाऱ्यांचं असंच असतं. एकदा चुकीचं बोलले की ते खरं करायला ते आंधळेही राहतात.

भिवराने वाडगं भरलं आणि तिच्यापुढे नेऊन ठेवलं. शेवग्याचा पाला, वर दोन अंडी, शेळीच्या दुधातलं लोणी.

"खा."

"मला गरज न्हाई."

"तुमाला दिसत न्हाई, आत्याबाई."

तान्हाईचा आवाज चढला. तिने तीस वर्षं बाळंतपणं केली होती. तिच्या बोटांना डोळे होते. तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून मी मुलं काढतेय, असं ती म्हणाली.

भिवरा खाली बसली. तिला सासूचा धाक नव्हता आणि धीरही नव्हता. तिने सरळ विचारलं, "सांजेला त्या बोटांतून किती निसटली?"

असं कुणी विचारू नये. पण तीस वर्षं कुणीच विचारलं नव्हतं म्हणून तर ते चालू होतं.

तान्हाईने वाडगं बाजूला सरकवलं. मग तिने खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. पाटलांची मधली मुलगी, नाळ पायात अडकली होती. बुरडाची जुळी. देवळामागच्या सखाईचा मुलगा, त्याच्या तोंडातला चिकटा राहून गेला होता. स्वतःची एक मुलगी. गिरजाचं पहिलं. अशी एकूण अकरा. एकेकाचं नाव तिला ठाऊक होतं, ज्यांना नाव मिळालं नव्हतं त्यांचंसुद्धा.

"मी सांगितलं असतं तर मला सुईण कोण म्हणालं असतं?" ती म्हणाली. "आन् दुसरी आणायची तर दुसरी तरी कुठं डोळस हुती?"

भिवराने वाडगं उचलून तिच्या हातात दिलं.

तान्हाई उठली. वाडगं घेऊन चालत परसात गेली, आणि सगळ्या बायकांच्या देखत, पुरुष अजून शेतातून यायचे असताना, उभ्यानेच जेवली. पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही.

वीस दिवस गेले आणि गिरजाला कळा सुरू झाल्या. केव्हा, तर गुरं घरी परतताना, धुळीत ऊन बुडताना. सगळ्या गावात बातमी गेली. ओसरीवर पुरुष माना खाली घालून बसले. म्हाताऱ्यांनी मुलासाठी खड्डा कुठे खणायचा हेही ठरवलं, आधीच, सवयीने. गिरजा भिवराचा हात धरून एकच म्हणत होती, "सांज हाय गं. सांज हाय."

आत तान्हाई, भिवरा आणि एक दिवा. भिवराने दिवा पुढे केला, सासूच्या तोंडाशी, तिला दिसावं म्हणून.

"दिवा मागं घे," तान्हाई म्हणाली. "डोळ्यात येतोय."

भिवराने दिवा मागे घेतला.

"नाळ मानेला हाय," तान्हाई पुढे म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात. "दोन येढं. गिरजा, आता जोर करू नगंस. मी सांगते तवा."

असं म्हणतात की त्या वेळी सगळ्या गावाने श्वास धरला. कड्यावरचा वारा थांबला. मग तान्हाईने एक वेढा सोडवला, मग दुसरा, आणि मूल रडलं. इतक्या जोरात रडलं की खालच्या नदीकाठच्या माणसांनी होड्या थांबवून वर बघितलं. मुलगी होती. कातळवेढ्यात सांजेला जन्मून जगलेली पहिली मुलगी.

तान्हाईने हात धुतले, पदर सावरला आणि उंबरा ओलांडला. दिवेलागण होऊन गेली होती. ती गल्लीतून चालत निघाली, भिंतीला हात न लावता. कातळाच्या पायऱ्या चढली, एकही चुकली नाही. पारावर पाटील बसले होते, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पाटील, मी खोटं बोलले हुते. तीस वर्सं मला सांजेचं दिसत नव्हतं. आता दिसतं. तुमचं पागोटं वाकडं बसलंय. तीस वर्सं वाकडंच असंल, सांजेला कुणी बगितलंच नसंल."

पाटलांचा हात आपोआप पागोट्याकडे गेला. आणि त्यांच्या मागून, त्यांच्याच घरातून, त्यांची बायको बाहेर आली. म्हणाली, "वाकडंच हाय." मग दुसऱ्या घरातून एक बाई आली, तिसऱ्यातून एक, चौथ्यातून सासू-सुना दोघी. गल्ली पदरांनी भरली. पाटलांनी काठी आपटली, आवाज चढवला, देवीचं नाव घेतलं. पण ज्यांना धाक दाखवायचा त्या सगळ्या आता त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांना नीट दिसत होतं.

भिवरा पुढे पुष्कळ वर्षं जगली. असं म्हणतात की ती मेली नाहीच. एका सकाळी भोपळ्याच्या वेलामागे गेली आणि परत आली नाही, तिला देवीने नेलं. नेलं असेल तर देवीच्या परसात आता केळी लागल्या असतील आणि देवी पोटभर जेवत असेल.

पुढे गावच्या कारभाऱ्यांनी तिच्या परसाच्या जागी भिवराईचं देऊळ बांधायचं काढलं. बायकांनी बांधू दिलं नाही. देऊळ झालं की नैवेद्य आधी पुजाऱ्याच्या घरी जाईल, असं त्या म्हणाल्या. तिथे आजही माठच आहे.

पण भिवराईच्या नावाने एक गोष्ट कातळवेढ्यात अजून होते. गावात नवी सून आली की ती पुढच्या दाराने येत नाही. तिला मागून आणतात, परसातून. तिच्या हाताने शेवग्याचं एक खुंट रोवून घेतात आणि मग तिला तिथेच वाढतात. अलीकडे काही शहाणी माणसं म्हणू लागली की रीत म्हणून एक पान जिभेला लावलं तरी पुरे. गावातल्या पोरींनी ते मानलं नाही. वाडगं पूर्ण भरायचं आणि पूर्ण रिकामं व्हायचं.

वऱ्हाड ओसरीवर ताटकळत असतं. भुकेने कुणीतरी चिडतंच. मानाची माणसं खाकरतात, घड्याळ बघतात, आतून हाक मारतात की अहो, आटपा, मुहूर्त टळतोय.

परसातून उत्तर येतं, "टळू दे. ती जेवतेय."